फुरसतीची कुळकथा

खडकवासल्याच्या १८७९ सालच्या धरणातून निघणाऱ्या मुठा उजव्या कालव्यावर दौंड-इंदापूरकडचे बागायतदार ज्या पाळीची वाट पाहत बसतात, तिचे आणि पदरी जेमतेम १० किलोबाइट स्मृती बाळगणाऱ्या ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’मधील दरिद्री यंत्रांचे काही गोत्र जुळत असेल, असे कोणी म्हटले असते तर मी त्याची थट्टाच केली असती, पण एका सायंकाळी ‘फुरसत’ या शब्दाचे मूळ शोधताना ते अकस्मात हाती लागले.

मातीचा ओलावा मोजणाऱ्या शंभर यंत्रांना एकच प्रश्न एकदम विचारला आणि सर्वांनी तत्क्षणी उत्तरे दिली, तर कोणाचेच ऐकू येत नाही. म्हणून अशा यंत्रांच्या संभाषणासाठी रचलेल्या २०१४ सालच्या ‘कोॲप’ नियमावलीने समूहाला धाडलेल्या प्रश्नाची पोच मागण्यास मनाई केली, आणि प्रत्येक यंत्राने ‘लीझर’ नामक मुदतीतला एखादा क्षण स्वेच्छेने निवडून मगच बोलावे असे ठरविले. ही मुदत एरवी ५ सेकंद; पण यंत्रे १००, प्रत्येकाचे उत्तर १०० बाइटांचे आणि वाहण्याचा वेग सेकंदाला १००० बाइट असा हिशेब मांडला, तर किमान १० सेकंद. कालव्याचा विसर्ग आणि भिजवायचे क्षेत्र यांचा हिशेब याहून निराळा तो काय?

लीझर म्हणजे आपली फुरसत. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली ‘परवानगी’ आहे. फारसीतून आपल्याकडे आलेल्या फुरसतीचे मूळ जी अरबी ‘फुर्सा’, तिचा अर्थ मात्र जुने कोशकार असा देतात : लोकांनी आपापसांत ठरविलेली पाणी घेण्याची पाळी! रिकामा वेळ हा अर्थ मागाहूनचा. फुर्साच्या मूळ धातूचा ‘कापणे’ हाही एक अर्थ असल्याने फुर्सा म्हणजे कापून दिलेला वाटा, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा, पाळी म्हणजे तरी काळाचा कापलेला तुकडाच की नाही?

खरा प्रतिपक्ष हवाई बेटांतला. १९७१ च्या ‘अलोहा’ जाळ्यात यदृच्छेने थांबण्याची युक्ती होतीच, आणि तज्ज्ञ लीझरची वंशावळ तिथेच नेऊन पोचवतील. परंतु अलोहातले यंत्र टक्कर झाल्यावर थांबे. लीझरवाले टक्करीपूर्वीच थांबते, आणि बांधावर मारामारी होण्याआधीच पाळी लावणे हा तर कालव्याचा धर्म.

एक अडचण कबूल केली पाहिजे. कालव्याच्या शेजपाळीत क्रम ठरलेला असतो, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यापाशी यादी असते. लीझरमध्ये यादीच नाही. पण शंभर नावे ध्यानात ठेवण्याइतकी ऐपत नसलेल्या गावाने पाटकरी नेमण्याऐवजी ज्याने त्याने आपली चिठ्ठी आपणच उचलावी असे ठरविले, तर त्याला पाळी म्हणू नये काय? मी तरी म्हणतो.