वसरीवरचा लवाद

आमच्या घरात ‘लवाद’ हा शब्द आंब्याच्या फोडींसाठीही वापरला जाई. दोघा भावंडांची भांडणं पेटली की आजी चुलीपुढूनच ओरडायची, “चाला, बसवा लवाद!” मग आबाजी, माझे आजोबा, बाजेवरून उठून वसरीत येत, दोघांना समोरासमोर बसवत आणि विचारत, “तुह्यं काय मननं हाय? आन् तुह्यं?” ऐकून झालं की फोडी मोजल्या जात. मला पुष्कळ वर्षं वाटायचं, की हा शब्द आमच्या घरानंच काढला असावा. तो एका कायद्यातला शब्द आहे, आणि त्या कायद्यामुळेच आम्ही ज्या वसरीत भांडत होतो ती वसरी आमची राहिली, हे कळायला मला मॅट्रिकला जावं लागलं.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या मुलखातलं. आता नांदगाव स्वतःच तालुका आहे, पण आबाजींच्या तोंडी शेवटपर्यंत ‘आपला चांदूर तालुका’ असंच असे. टेकडीवर खंडेश्वराचं काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ, खाली काळी जमीन, आणि त्या जमिनीत पऱ्हाटी. शिवरात्रीला बंड्या जुंपून सगळं घर टेकडीखाली जायचं. नवसाचे रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यात वरण ओतायचं, सोबत वांग्याची भाजी. रोडग्याच्या वासाशी माझ्या मनात आबाजींच्या गोष्टी अशा चिकटल्या आहेत, की कुठली गोष्ट टेकडीखाली ऐकली आणि कुठली घरी, हे आता वेगळं काढता येत नाही.

जप्तीची गोष्ट मात्र घरातली, आणि रात्रीची.

आबाजी तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असतील. त्यांचे वडील, ज्यांना सगळं गाव बुवाजी म्हणे, तीस एकरांचे कास्तकार. थोरल्या लेकीचं लग्न आणि त्याच साली बुडालेलं पीक, यापायी बुवाजींनी सावकाराकडून चारशे रुपये घेतले होते आणि राहतं घर गहाण लिहून दिलं होतं. चारशेचे अकराशे झाले, असं आबाजी सांगत. कधी बाराशेही म्हणत. ते पैसे फिटायचे कशाने, तर कापसाने. आणि 1929 नंतर जगभर मंदी आली, कापसाचा भाव पार कोसळला. आमच्या वऱ्हाडाचं नशीब कापसाच्या गाठीला फार आधीपासून बांधलेलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, 1861 ते 65, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना आमचा कापूस सोन्यासारखा वाटला. पैसा आला, रेल्वे आली, त्यामागून जिन आले, आणि जमीन गहाण ठेवता येते, विकता येते, हे कास्तकाराला आणि सावकारालाही कळलं. भाव होते तोवर उधारी कोणाला जड वाटली नाही. भाव उतरले तेव्हा वह्यांमधले आकडे मात्र उतरले नाहीत.

तर एके दिवशी सकाळी बेलीफ आला. सोबत सावकाराचा दिवाणजी आणि डफडं वाजवणारा. डफड्याचा आवाज ऐकून सगळी गल्ली दारात. हर्रास म्हणजे घरादाराची अब्रू चौकात मांडणं. बुवाजी वावरात होते. बुवाजींची बायको, जिला सगळे माय म्हणत, चुलीपुढे भाकरी थापत होती. ती उठली नाही. बेलीफ उंबऱ्यात उभा राहून कागद वाचायला लागला, तेव्हा म्हणाली, “आंधी जेवून घ्या बाप्पा, मंग लेहा काय लेहाचं ते.”

आणि तो जेवला. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि कांदा. हे आबाजी दरवेळी सांगत, आणि पदार्थ कधी बदलत नसत. आकडे बदलत, साल मागेपुढे होई, पण अंबाडीची भाजी कायम. जेवताना म्हणे बेलीफानेच सांगितलं, की बाई, तुझा तवा, तुझी भांडी, अंथरूण, नांगर, बैल यांना मी हात लावू शकत नाही. कायदा नाही म्हणतो. कास्तकाराच्या राहत्या घरालाही साध्या कर्जापायी जप्ती लागत नाही. पण हे घर तुम्ही गहाण लिहून दिलंय, म्हणून ते जातंय. दिवाणी कायद्यातलं हे कलम मी पुढे स्वतः वाचलं. बेलीफ खरं बोलला होता. अडलेल्या माणसाकडून सावकार गहाणखत का लिहून घेई, तेही मला तेव्हा कळलं.

हर्रासाची तारीख पडली. मधे महिना-दीड महिना असेल.

त्या दिवसांत काय काय झालं, याचे आमच्या घरात दोन पाठ आहेत. आबाजींचा पाठ असा, की गावचे पाटील, शाळेचे मास्तर आणि तेलघाणीवाले एक म्हातारे, असे तिघं रात्री सावकाराकडे गेले. सावकाराने पानसुपारी दिली, चहा दिला, पण वही उघडली नाही. आजीचा पाठ असा, की त्याआधी माय एकटीच सावकाराच्या आईकडे गेली होती, हळदीकुंकवाचं निमित्त करून. दोघी एका विहिरीवर पाणी भरलेल्या. म्हातारी एवढंच म्हणाली, “माह्या पोराच्या डोक्यावरबी अमरावतीच्या अडत्याचं देणं हाय वो.” हे वाक्य आजीला तिच्या सासूने, म्हणजे खुद्द मायनेच, सांगितलेलं. मला हा दुसरा पाठ जास्त खरा वाटतो. देणेकरी आणि घेणेकरी दोघंही एकाच दोरीला लटकलेले होते, आणि ही गोष्ट पुरुषांच्या बैठकीत कोणी बोललं नव्हतं.

मग बातमी आली पापळहून. पापळ आमच्याच तालुक्यातलं, डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुखांचं गाव. 27 डिसेंबर 1898 ला भाऊसाहेब तिथे जन्मले. विलायतेत शिकून बॅरिस्टर झाले, आणि 1930 नंतर मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात शिक्षण, शेती आणि सहकार खात्यांचे मंत्री. त्यांच्याच पुढाकाराने 1933 साली कर्ज लवाद कायदा झाला. गावोगावच्या कास्तकाराला त्याचं इंग्रजी नाव ठाऊक नव्हतं, ‘भाऊसाहेबाचा लवाद’ म्हटलं की पुरे.

त्या कायद्याची खुबी मला आजही मोठी वाटते. सरकारने नेमलेलं मंडळ, ते दोन्ही बाजूंना बोलावणार. कर्जदाराने अर्ज केला की सावकाराने आपल्या घेण्याचा हिशेब मांडायचा. बोलावूनही जो मांडणार नाही त्याचं कर्ज फिटलं असं धरलं जाई. म्हणजे ज्या सावकाराने गावच्या तीन जाणत्यांपुढे वही उघडली नाही, त्याला ती मंडळापुढे उघडावीच लागली. मग मुद्दल किती, व्याज किती, किती सोडायचं, हप्ते किती, यावर घासाघीस. समझोता झाला आणि त्याची नोंदणी झाली की त्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ. आणि रास्त तोडगा नाकारून जो कोर्टातच जाईल, त्याला पुढचं व्याज आणि खर्च मनासारखा मिळणार नाही.

बुवाजींनी अर्ज केला. अर्ज मास्तरांनी लिहिला. मंडळ बसलं ते आबाजी कधी चांदूरला सांगत, कधी अमरावतीला. बंडीने गेले, रात्री कुठल्याशा ओट्यावर निजले, शिदोरीत कळण्याची भाकर आणि ठेचा, एवढं नक्की. मंडळापुढे सावकाराच्या वहीतून दोनदा धरलेलं व्याज निघालं. अकराशेचे साडेपाचशे ठरले, दरसाल संक्रांतीनंतर हप्ता. घराचा हर्रास थांबला. आणि मंडळाच्या दारातून बाहेर आल्यावर सावकाराने बुवाजींना स्वतःच्या डब्यातलं पान दिलं, बुवाजींनी ते घेतलं. आबाजींना या पानाचं फार अप्रूप. ते म्हणत, कागद मंडळाने केला, पण पान घेतलं म्हणून पुढची पन्नास वर्षं दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात राहिली.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण आबाजींनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, एकदाच, 1987 च्या आसपास, अंगात ताप असताना. लवाद बसला त्याच साली, पावसाळ्याआधी, गावकुसाबाहेरचं एक कुटुंब एका संध्याकाळी उठवलं गेलं. घरचा माणूस पाटलाकडे सालदार होता, झोपडी पाटलाच्याच जागेवर. सालाच्या हिशेबावरून काही बोलाचाली झाली, आणि दिवेलागणीला त्याची भांडीकुंडी रस्त्यावर. बायको, तीन पोरं, एक शेळी. बुवाजींसाठी सावकाराच्या दारी गेलेले तेच पाटील. त्या सालदारासाठी कोणी कोणाच्या दारी गेलं नाही. गहाणखत नाही, सातबारा नाही, वही नाही, मग लवादापुढे न्यायचं काय? आबाजी म्हणाले, “आमच्या वसरीतूनच गेले ते. मायनं पोराईले भाकर देली. बस.” मग ते भिंतीकडे तोंड करून निजले.

अमरावतीला 1927 साली अंबादेवीचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून सत्याग्रह झाला, त्यात भाऊसाहेब पुढे होते. देवळाचं दार उघडावं लागतं हे त्यांना कळलं होतं. पण गावातल्या पंचांच्या ओट्याचं दार कित्येक घरांसाठी बंदच राहिलं. आम्ही जुन्या पंचायतींचं कौतुक करतो तेव्हा हे सालदाराचं घर मोजत नाही. मी मोजायला शिकलो, ते त्या तापातल्या रात्रीमुळे.

पुढची गोष्ट बाबांची. 15 ऑगस्ट 2007 ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री. ग्रामसभेने गावची समिती निवडायची, भांडणं कोर्टात जाण्याआधी सामोपचाराने मिटवायची. बाबांचं वय झालेलं, तरी त्यांना समितीवर घेतलं. लवादाचं घर म्हणून असेल. पुष्कळ प्रकरणं बांधाची, सांडपाण्याची, चुलत्या-पुतण्यांची. त्यांतलं एक मी स्वतः पाहिलं. गावातली एक विधवा म्हातारी. घर तिने विश्वासाने पुतण्याच्या नावे करून दिलं होतं, आणि त्याला आता ती घरात नको होती. तिची पेटी दोन दिवस अंगणात, वर गोणपाट.

बैठक आमच्याच वसरीत झाली. मी नोकरीच्या गावाहून आलो होतो. बाबांनी आधी म्हातारीला बाजेवर बसवलं, पुतण्याला सतरंजीवर. तिच्या बाजूने बोलायला एक पुरुष उभा राहिला, तर बाबा म्हणाले, “तिले बोलू द्या. तिले तोंड हाय.” ती बराच वेळ घराबद्दल बोललीच नाही, नवऱ्याने अंगणात लावलेल्या लिंबाबद्दल बोलत राहिली. कोणी अडवलं नाही. पुतण्याही मग बोलला. नापिकी, सोसायटीचं कर्ज, दोन पोरांच्या फिया. शेवटी ठरलं, पुढची खोली, न्हाणी आणि लिंब तिच्या हयातीपर्यंत तिचे, महिन्याला दाणे आणि तेल. चहा झाला, माझ्या आईने मिरगुंड तळले. कागदावर सह्या-अंगठे झाले.

त्या कागदाचं बळ किती, हा प्रश्न मला तेव्हा पडला, आणि आजही पडतो. 2007 सालच्याच ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो, तिथेही सुनावणीआधी समेट अधिकाऱ्याकडे प्रकरण देण्याची सोय आहे, आणि सांभाळीन म्हणून घर लिहून घेतलं व सांभाळलं नाही तर ते हस्तांतरण रद्दही होऊ शकतं. हे त्या वसरीत कोणाला ठाऊक नव्हतं. 2023 साली संसदेने मध्यस्थी कायदा केला, त्यात सामुदायिक मध्यस्थीचं प्रकरण आहे, तीन मध्यस्थांचं मंडळ बसणार. पण तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ दिलेलं नाही. नव्वद वर्षांपूर्वीच्या भाऊसाहेबांच्या लवादाला ते होतं. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर जातंय त्याच्यासाठी हा फरक लहान नाही, आणि तो दुरुस्त व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुबळ्याच्या बाजूला कागदाचं वजन नसेल तर धडधाकट माणूस सतरंजीवर येऊन बसतच नाही.

म्हातारी त्या खोलीत आणखी सहा वर्षं राहिली. पुतण्याच्या धाकट्या पोराला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं. लिंबं मात्र ती मोजून देई, असं आई सांगायची.

तुमच्या आळीत कोणाच्या दारावर नोटीस लागली, सावकाराने खरेदीखत पुढे केलं, किंवा कुणा म्हातारीची पेटी अंगणात दिसली, तर हर्रासाच्या दिवसाची वाट पाहू नका. आधी दोघांना एका जागी बसवा. आणि ठरेल ते कागदावरच ठेवू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, दावा दाखल होण्याआधीचं प्रकरणही तिथून लोकअदालतीत नेता येतं, त्याला फी लागत नाही, आणि तिथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ मिळतं. सोबत कोणीतरी जा. आमच्या बुवाजींबरोबर मास्तर गेले होते.