रस्त्यापलीकडचे मित्र

रस्ता बांधण्यापूर्वी काय काय मोजतात? वाहनांची संख्या, त्यांचा वेग, लागणारी खडी, डांबर आणि पैसा. रस्त्याकाठच्या माणसांच्या शेजारधर्माचे काय होते, हेही मोजता येईल असे फार काळ कुणाला वाटले नव्हते.

१९५० नंतर अमेरिकेत शहरे चिरत जाणारे द्रुतगती मार्ग बांधण्याचा सपाटा सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या रहिवाशांनी इतका विरोध केला, की १९५९ मध्ये तिथल्या नगरमंडळाने दहा नियोजित मार्गांपैकी सात रद्द केले. लोकांचा राग खरा होता. पण नियोजकांना रागापेक्षा आकडे लवकर समजतात.

तसे आकडे डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनेच्या प्राध्यापकाने याच शहरात मिळवले. एकमेकांलगतचे, दिसायला सारखे असे तीन रस्ते त्याने निवडले. त्यांवरून दिवसाला सुमारे २,०००, ८,००० आणि १६,००० वाहने जात. रहिवाशांना त्याने साधेच प्रश्न विचारले : तुमचे मित्र कोणत्या घरांत राहतात? ओळखीचे कोण? रस्त्याचा कोणता भाग तुम्हाला ‘आपला’ वाटतो? मग नकाशावर मैत्रीची एकेक रेघ ओढली. शांत रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या घरांमध्ये रेघांचे जाळे झाले. तिथे माणशी सरासरी ३ मित्र आणि ६.३ ओळखीचे निघाले. सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावर हेच आकडे ०.९ आणि ३.१ होते. रस्ता ओलांडणाऱ्या रेघा तुरळक, आणि ‘आपले’ म्हणजे फक्त स्वतःचे घर! हा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला.

येथे चौकस विद्यार्थी शंका काढील, आणि ती रास्त आहे. मुलाखती थोड्याच होत्या. शिवाय वाहतुकीमुळे मैत्री आटली, की मुलेबाळे असलेली कुटुंबे तिथून आधीच निघून गेली? दोन्ही घडले असेल. पुढे २००८ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात हाच प्रयोग झाला, तेव्हाही चित्र तसेच दिसले.

भारतात २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालील संपादनाला मात्र त्यातून सूट मिळाली. आणि हा अभ्यास होतो तोही जमीन जाते म्हणून. ॲपलयार्डने ज्यांच्या रेघा ओढल्या, त्यांची तर वीतभरही जमीन गेली नव्हती.

हा प्रयोग शाळेत सहज करता येईल. एक गल्ली आणि एक हमरस्ता घ्यावा, घरांचे नकाशे काढावेत आणि दोन्हीकडे प्रश्न तेच ठेवावेत. आजी-आजोबांना विचारायला विसरू नये. रस्ता रुंद होण्यापूर्वी पलीकडे कोणाकडे जाणे-येणे होते, हे त्यांनाच ठाऊक असते.