माथेरानची बाजारपेठ : गिरिस्थानाच्या वारशाचा पुनर्विचार

प्रस्तावना

बदलापूर गावाचे नाव प्रवासात घोडे बदलण्याच्या प्रथेवरून पडले, असे लोकपरंपरा सांगते. बदलापुरातून घोड्यांची ती वाहतूक केव्हाच लोप पावली. मात्र याच लोहमार्गावर पुढे असलेल्या नेरळच्या डोंगरमाथ्यावर, माथेरानमध्ये, ती आजही टिकून आहे. सुमारे ८०० मीटर उंचीवरील या गिरिस्थानाच्या सौंदर्याविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु शेतीचा आधार नसलेल्या माथ्यावर बाजारपेठ कोणाच्या बळावर उभी राहिली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने माथेरानच्या वारशाचा विचार केला आहे.

वसाहतीची घडण

मे १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढून आले. या घटनेस माथेरानचा ‘शोध’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः धनगर, ठाकूर व कातकरी हे समाज या परिसरात पूर्वीपासून वावरत होते. ‘माथ्यावरचे रान’ असा अर्थ सांगणारे नावही मराठीच आहे. लुईझा, अलेक्झांडर ही पॉइंटांची नावे मागाहून आली. १८५६ मध्ये कल्याणहून बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबईकरांना नेरळ जवळचे झाले. तेथून पुढची चढण मात्र माणसे व जनावरे यांच्याच पायांवर अवलंबून राहिली.

सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलातून व त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. दोन फूट रुंदीचा हा सुमारे २० किलोमीटरचा मार्ग भारतीय उद्यमशीलतेचे ठळक उदाहरण होय.

बाजारपेठ आणि श्रम

रेल्वे आली तरी ओझे संपले नाही. धान्य, भाजीपाला, बांधकामाचे साहित्य, सारे काही खालूनच येणार. दस्तुरी नाक्यापलीकडे मोटारींना मज्जाव असल्याने घोडा, हातरिक्षा आणि हमालाचे डोके यांवरच येथील व्यवहार चालत आला. चिक्की, मध व चामडी चपला यांनी सजलेल्या दुकानांमागे ही अदृश्य श्रमव्यवस्था उभी आहे. पर्यटकाला जी शांतता मोहविते, तिची किंमत या श्रमिकांनी मोजली आहे.

याच गावात १ डिसेंबर १९१२ रोजी नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म झाला. वकिली शिक्षण घेतलेल्या कोतवालांनी माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषविले. पायथ्याच्या गावांत त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी व मुलांसाठी शाळा सुरू केल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले. गिरिस्थानाच्या इतिहासात मॅलेट यांच्याइतकेच स्थान कोतवालांनाही मिळावयास हवे.

वारसा की वेठ?

२००३ मध्ये माथेरान पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाले. वाहनबंदीमुळे वनराई वाचली, हे निर्विवाद आहे. तथापि माणसाने माणसाला ओढण्याची प्रथाही त्याच बंदीच्या छायेत टिकली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि चालकांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना करण्याचा आदेश दिला. वारसा जपताना कोणती गोष्ट जपावी व कोणती सोडावी, याचा विवेक या आदेशाने समोर ठेवला आहे.

समारोप

माथेरानचा वारसा लाल मातीच्या वाटा, जुने बंगले आणि छोटी गाडी एवढ्यापुरता मर्यादित नाही. माथ्यावर बाजार भरविणाऱ्या हातांचा इतिहासही त्यात अंतर्भूत आहे. तो मौखिक स्वरूपात असल्याने वृद्ध अश्वचालक, हमाल व रिक्षाचालक यांच्या आठवणी नोंदविणे अगत्याचे आहे. बदलापूर-कर्जत परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम हाती घ्यावे. ही पिढी गेल्यावर ते करता येणार नाही.