अल्पभूधारक शेती, हिंगोली जिल्ह्यातील

लहान धारणक्षेत्र मुख्यतः स्वतःच्या श्रमाने कसणाऱ्या कुटुंबांची शेती. भारताच्या कृषिगणनेत एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेल्यास सीमांत व एक ते दोन हेक्टर जमीन असलेल्यास लहान शेतकरी म्हणतात. या दोहोंना मिळून ‘अल्पभूधारक’ ही संज्ञा व्यवहारात रूढ आहे. महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४·२८ हे. होते, ते २०१५-१६ मध्ये १·३४ हे. झाले. अल्पभूधारक हाच आता राज्यातील सर्वसामान्य शेतकरी होय. तथापि ही संज्ञा केवळ क्षेत्रफळ सांगते. समान क्षेत्राच्या दोन शेतांत माती, पाणी, जमिनीवरील हक्क आणि कसणाऱ्याचे समाजातील स्थान यांबाबत केवढे अंतर असू शकते आणि ते इतिहासक्रमात कसे पडले, हे हिंगोली जिल्ह्यात स्पष्टपणे दिसते.

भूमी व पाणी : हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. उत्तरेस पैनगंगा, मध्यभागी कयाधू व दक्षिणेस पूर्णा या नद्यांच्या दरम्यान अजिंठ्याच्या रांगेचे फाटे पसरले आहेत. सारा प्रदेश बेसाल्ट खडकाचा असला, तरी जमीन एकसारखी नाही. नदीकाठी ओल धरून ठेवणारी खोल काळी जमीन, उतारावर मध्यम प्रतीची, तर माथ्यावर मुरमाड व बरड जमीन आढळते. पावसात पंधरवड्याचा खंड पडला, की माळावरील पीक वाळते. काळ्या जमिनीतील पीक मात्र तग धरते. त्यामुळे शेत उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे, यावर ते किती मोठे आहे यापेक्षा पुष्कळदा अधिक अवलंबून असते.

समाज व जमीन : खोऱ्यातील काळी जमीन जुन्या वसाहतीच्या गावांतील मराठा-कुणबी व अन्य स्थायिक शेतकरी कुटुंबांकडे प्रामुख्याने राहिली. डोंगराळ भागात, विशेषतः कळमनुरी व औंढा परिसरात, अंध या मराठी भाषक आदिवासी जमातीची शेती आहे. हटकर व अन्य धनगर समाजांनी शेतीला मेंढपाळीची जोड दिली. मेंढ्यांचा कळप शेतात बसवून खत मिळविण्याच्या रीतीने त्यांचा काळ्या जमिनीच्या शेतकऱ्यांशी संबंध जुळला. बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ वाहून नेणाऱ्या बंजारा समाजाचा व्यवसाय रस्ते व लोहमार्ग यांमुळे बुडाला. तो समाज शेतीकडे वळला, तेव्हा चांगल्या जमिनी आधीच लागवडीखाली होत्या. म्हणून बरेच तांडे माळावर वसले. महार (पुढे बहुसंख्य बौद्ध) व मांग कुटुंबांच्या वाट्याला मुख्यत्वे शेतमजुरी, सालदारी व बटई आली. या मांडणीस अपवाद अनेक आहेत. परंतु एकूण पाहता जमिनीचा उतार व समाजाची उतरंड या दोन्ही एकमेकींवर बसलेल्या दिसतात.

हक्कांचा इतिहास : हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. पहिल्या सालारजंगाच्या कारकिर्दीत (१८५३–८३) दिवाणी मुलखात जिल्हाबंदी व रयतवारीच्या धर्तीची महसूलव्यवस्था आली. जहागिरी व सर्फ-ए-खास (निजामाची खासगी मालमत्ता) यांचा कारभार मात्र वेगळा राहिला. सारा रोख भरावा लागे. कापसाचे पीक त्यासाठी उपयोगी पडले, पण त्याबरोबर सावकाराचे कर्जही आले. जहागिरी १९४९ मध्ये नष्ट करण्यात आल्या आणि १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने ‘संरक्षित कूळ’ हा वर्ग निर्माण केला. त्याचा लाभ सर्वांना सारखा झाला नाही. अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुस्रो यांच्या १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, संस्थानाच्या पूर्वीच्या मुलखातील अनेक संरक्षित कुळांनी जमिनीवरील हक्क ‘स्वेच्छेने’ सोडल्याची नोंद आढळते. कागदोपत्री पुरावा व गावात वजन असलेले कूळ टिकले. दुर्बल कूळ सुटले.

आदिवासींच्या जमिनींबाबत १९७४ च्या प्रत्यार्पण कायद्याने, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. भूमिहीनांनी मराठवाड्यात गायरान जमिनी कसण्यास घेतल्या. त्यांमागे दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ व १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहांची पार्श्वभूमी होती. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण शासनाने १९९१ मध्ये जाहीर केले. तथापि गायरान म्हणजे बहुधा माळच. शिवाय ते गावाच्या गुरांचे चराऊ रान असल्याने भूमिहीन व पशुपालक यांच्यात तंटे उद्‌भवले. सातबारावर नाव न लागलेल्या कुटुंबास पीककर्ज व विमा मिळणे कठीण जाते.

पीकपद्धती : ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, अंबाडी व गावरानी कापूस ही येथील जुनी पिके. कापसाच्या किंवा ज्वारीच्या काही तासांनंतर तुरीचा एक तास पेरीत. एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागावे, जनावरांना कडबा मिळावा व जमिनीचा कस टिकावा, हा त्यामागील हेतू होता. बियाणे निवडून राखेत जपून ठेवण्याचे काम प्रायः स्त्रिया करीत. १९७२ च्या दुष्काळात ही व्यवस्थाही अपुरी पडली. शासनाच्या दुष्काळी कामांमुळे अनेक अल्पभूधारकांना जमीन न विकता तो काळ निभावता आला.

पूर्णा प्रकल्पाच्या येलदरी व सिद्धेश्वर धरणांमुळे वसमतकडील सखल भागास कालव्याचे पाणी मिळाले. तेथे ऊस, केळी व हळद यांची लागवड वाढली. वसमत ही हळदीची मोठी बाजारपेठ बनली. डोंगरमाथ्यावर मात्र कालव्याचे पाणी चढत नाही. १९९० नंतर सोयाबीनने आणि २००२ नंतर बीटी कापसाने कोरडवाहू भागातील ज्वारी व मिश्रपिके मागे सारली. सोयाबीन लवकर तयार होते व रोख पैसा देते, ही अल्पभूधारकाची खरी सोय आहे. परंतु त्यामुळे कडबा घटला, बियाणे विकत घ्यावे लागू लागले आणि सारी जोखीम एका पिकावर व एका भावावर येऊन ठेपली. माळावरील अनेक कुटुंबे सुगीनंतर ऊसतोडीस किंवा शहरात मजुरीस जातात.

मूल्यमापन : हिंगोलीच्या अल्पभूधारक शेतीतील पर्यावरणीय विविधता ही तिची शक्ती होती, सामाजिक विविधतेस मात्र विषमतेची जोड होती. गेल्या काही दशकांत पहिली क्षीण झाली, दुसरी बव्हंशी टिकून आहे. एका हेक्टरास एकच मोजमाप लावणाऱ्या योजनेत कालव्याखालील हळदीचा एकर आणि नाव न लागलेल्या गायरानाचा एकर समान ठरतात. शेताची माती, पाण्याची सोय व जमिनीवरील हक्क यांचा एकत्र विचार झाल्याशिवाय या भागातील शेतीची स्थिती कळत नाही आणि तिच्या सुधारणेची दिशाही ठरत नाही.