फातोर्ड्याची पाच मिनिटे: अंतिम सामना हरलेल्या चाहत्याचा इतिहास

२० डिसेंबर २०१५, रविवारची रात्र. मडगावजवळच्या फातोर्डा येथील नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या दुसऱ्या हंगामाचा अंतिम सामना सुरू होता. यजमान एफसी गोवा, प्रतिस्पर्धी चेन्नईयिन एफसी. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर गोव्याने २-१ अशी आघाडी घेतली. त्यानंतर पाच मिनिटांनी चेन्नईचा संघ ३-२ ने पुढे होता, आणि चषकही त्याचाच झाला.

हा धागा त्या पाच मिनिटांविषयी आहे. त्याहून अधिक, त्यानंतर चाहत्याच्या मनात काय घडते याविषयी. विजेत्यांची नावे चषकावर कोरली जातात. हरलेल्या संघाच्या चाहत्याचा इतिहास मात्र त्याच्या स्मरणात राहतो, आणि हे स्मरण फारसे निःपक्षपाती नसते.

आधी गोवा. या राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे जालना जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. २०११च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, तर एकट्या जालना जिल्ह्याची साडेएकोणीस लाखांहून अधिक. एवढ्या लहान प्रदेशाने २००७-०८ ते २०१२-१३ अशी सलग सहा वर्षे आय-लीगचे, म्हणजे देशाच्या सर्वोच्च लीगचे, विजेतेपद आपल्याकडे ठेवले. डेंपोने तीनदा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा आणि साळगावकरने एकदा. बंगालसह साऱ्या देशाला या काळात उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले.

ही परंपरा जुनी आहे. १८८३ साली प्रकृतिस्वास्थ्यासाठी आलेले ब्रिटिश धर्मगुरू विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी बार्देशातील शिवोली येथे हा खेळ रुजवल्याचे मानले जाते. म्हणजे वसाहत पोर्तुगीजांची असली, तरी चेंडू आणला इंग्रजी परंपरेतल्या पाद्रीने. पुढे शाळा, चर्चची आवारे आणि भातकापणीनंतर मोकळी झालेली शेते यांतून तो गावोगावी पोहोचला. गावाचा संघ, वाड्याचा संघ, शेजारच्या गावाशी पिढीजात चुरस, अशी ही घडण होती. १९६१च्या मुक्तीनंतर त्यावर दुसरा थर चढला तो खाण उद्योगाचा. साळगावकर, डेंपो, सेसा ही लोहखनिजाच्या व्यवसायातील नावे फुटबॉल संघांचीही नावे झाली. गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास लिहिताना खनिजाच्या बार्जेस वगळून चालत नाही, हे फार थोड्या क्रीडालेखकांनी ध्यानात घेतले आहे.

गोलरक्षकांच्या बाबतीत तर या भूमीला विशेष अभिमान. १९८३-८४च्या संतोष करंडकात ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या नेतृत्वाखाली गोव्याने संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न स्वीकारता करंडक जिंकला. हा संदर्भ पुढे लागेल.

२०१२ साली राज्यातील लोहखनिज उत्खनन थांबले. दोन वर्षांनी इंडियन सुपर लीग अवतरली आणि गोव्याच्या वाट्याला एकच संघ आला. डेंपो आणि साळगावकर या प्रतिस्पर्धी घराण्यांतील उद्योजक या संघाच्या मालकीत एकत्र आले. त्यांच्यासोबत मराठवाड्यात पाय रोवलेला व्हिडिओकॉन समूह होता. मडगावपासून पेडण्यापर्यंतच्या ज्या चाहत्यांनी आयुष्यभर एकमेकांच्या संघांना हिणवले, ते आता एकाच बाजूला बसले. पूर्वी डेंपो हरला की साळगावकरचा चाहता सुखावत असे. गोव्यातील कुणीतरी जिंकलेलेच असे. आता हरायचे तर सर्वांनी एकाच वेळी, अशी व्यवस्था निर्माण झाली.

पहिल्याच हंगामात, २०१४ मध्ये, कोलकात्याच्या संघाने फातोर्ड्यातच उपांत्य फेरीत पेनल्टी शूटआउटवर गोव्याला बाहेर काढले. २०१५चा संघ अधिक भक्कम होता. प्रशिक्षक होते ब्राझीलचे महान खेळाडू झिको. १७ नोव्हेंबरला याच मैदानावर गोव्याने मुंबई सिटीचा ७-० असा धुव्वा उडवला. हाओकिप आणि डुडू दोघांचीही हॅट्ट्रिक. साखळीत गोवा अव्वल राहिला. उपांत्य फेरीचा दिल्लीतील पहिला सामना ०-१ ने गमावूनही घरच्या मैदानावर ३-० ने परतफेड केली. अंतिम सामनाही घरीच. चाहत्याने याहून अधिक काय मागावे?

दुसऱ्या बाजूचाही विचार करायला हवा. डिसेंबर २०१५च्या आरंभी चेन्नई महापुरात बुडाली होती. चेन्नईयिनला उपांत्य फेरीचा ‘घरचा’ सामना पुण्याच्या बालेवाडीत खेळावा लागला. प्रशिक्षक मार्को मातेराझ्झी, इटलीच्या २००६च्या विश्वविजयातील नायक. हंगामाच्या मध्यावर हा संघ स्पर्धेबाहेर जाईल असेच चित्र होते. गोव्याच्या चाहत्याच्या कथेत चेन्नईच्या या दुःखाला जागा नसते, हेही स्वाभाविकच. पराभूत चाहता प्रतिस्पर्ध्याची बाजू ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो.

आता त्या रात्रीचा गोलरक्षक. लक्ष्मीकांत कट्टीमणी, गोव्याचा, पूर्वी डेंपोकडून खेळलेला. ५४व्या मिनिटाला चेन्नईला पेनल्टी मिळाली. ब्रुनो पेलिसारीचा फटका कट्टीमणीने अडवला, परंतु परतलेला चेंडू पेलिसारीनेच जाळ्यात टाकला. चारच मिनिटांत हाओकिपने बरोबरी साधली. लगेच चेन्नईला दुसरी पेनल्टी मिळाली. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या मेंडोझाचा तो फटकाही कट्टीमणीने अडवला. एका अंतिम सामन्यात दोन पेनल्टी अडवणारा गोलरक्षक सहसा दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर असतो. ८७व्या मिनिटाला जोफ्रेचा गोल झाला तेव्हा ते पान जवळजवळ निश्चित झाले होते.

९०व्या मिनिटाला गोलमुखासमोरच्या गर्दीत चेंडू कट्टीमणीला लागून गोलरेषेपार गेला. नोंद झाली स्वयंगोलाची. भरपाई वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला मेंडोझाने तिसरा गोल केला. सामन्यानंतर जो वादंग झाला तो पोलीस ठाण्यापर्यंत गेला आणि पुढचे कित्येक दिवस मथळे त्यानेच व्यापले. त्या गदारोळात खेळाचे दुःख जणू बाजूला पडले. चाहत्यापुरते मात्र ते तिथेच, त्या दोन गोलांपाशी थांबलेले होते.

असे का होते? १९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ (अर्थात अमेरिकी फुटबॉल) जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक प्रमाणात घालतात, आणि विजयाचे वर्णन करताना ‘आम्ही’ तर पराभवाचे वर्णन करताना ‘ते’ हे सर्वनाम अधिक वापरतात, असे त्यात आढळले. मराठीत याची छटा आणखी सूक्ष्म आहे. ‘आपण जिंकलो’ यातील ‘आपण’ ऐकणाऱ्यालाही कवेत घेतो. हरल्यावर तोच चाहता ‘त्यांनी घालवली’ म्हणतो.

परंतु अंतिम सामन्याच्या पराभवात हे सर्वनाम पुरेसे पडत नाही. ‘ते’ म्हणजे नेमके कोण, याचे उत्तर हवे असते. अकरा जण एकत्र हरतात. स्मरणाला मात्र एक चेहरा लागतो. कुस्तीत ही शोधाशोध करावी लागत नाही. २३ डिसेंबर २०१८ रोजी जालन्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. गतविजेता अभिजित कटके बाला रफिक शेखकडून ११-३ असा पराभूत झाला. कोण हरले हे मॅटवर सर्वांना दिसत होते, आणि हरलेल्या मल्लासाठी पुढची वाटही ठाऊक असलेली होती: पुन्हा तालीम, पुन्हा माती. कटकेने जानेवारी २०२३ मध्ये हिंदकेसरीची गदा मिळवली. सांघिक खेळातील हिशेब इतका सरळ कधीच नसतो, म्हणून तो बहुधा गोलरक्षकाच्या नावे टाकला जातो.

याचे सर्वांत क्रूर उदाहरण ब्राझीलचे आहे. १६ जुलै १९५०, रिओ दि जानेरोचे माराकाना. तांत्रिकदृष्ट्या तो अंतिम सामना नव्हता, अंतिम गटातील शेवटची लढत होती, आणि ब्राझीलला विश्वविजेतेपदासाठी केवळ बरोबरी पुरेशी होती. पावणेदोन लाखांच्या आसपास प्रेक्षकांनी तिकिटे काढलेली. फ्रियासाने ब्राझीलला पुढे नेले. उरुग्वेच्या स्कियाफिनोने बरोबरी केली. ७९व्या मिनिटाला घिग्गियाने गोलरक्षक मोआसिर बार्बोझा आणि जवळच्या खांबाच्या मधून चेंडू आत टाकला. उरुग्वे २-१.

ब्राझीलने त्यानंतर आपला पांढरा पोशाख टाकून दिला. आजचा पिवळा सदरा त्या पराभवानंतर घेतलेल्या स्पर्धेतून निवडला गेला. पोशाख बदलता आला, बार्बोझाला मात्र आपले नाव बदलता आले नाही. दोष ज्यांच्या माथी मारला गेला ते बार्बोझा, बिगोडे आणि जुव्हेनाल हे तिघेही कृष्णवर्णीय होते, ही योगायोगाची गोष्ट नव्हे. आपल्या देशात कोणत्याही गुन्ह्याची कमाल शिक्षा तीस वर्षांची आहे आणि आपण मात्र पन्नास वर्षे भोगतो आहोत, अशा अर्थाचे उद्गार त्याने अखेरच्या काळात काढल्याचे सांगितले जाते. २००० साली तो वारला. जगभरातील चाहत्यांच्या दुःखाला इतिहासकार सहानुभूतीने पाहतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दुःखाची किंमत कधीकधी एकच माणूस चुकवतो, हेही नोंदवले पाहिजे.

फातोर्ड्यातील गोव्याच्या बाकावर बसलेल्या झिकोला या साऱ्याची जाण नक्कीच असणार. ५ जुलै १९८२ रोजी बार्सिलोनात ब्राझीलला इटलीविरुद्ध बरोबरी पुरेशी होती. पाओलो रॉसीच्या तीन गोलांनी सामना ३-२ असा इटलीकडे गेला. त्या संघाचा दहा क्रमांकाचा खेळाडू झिकोच. तेहतीस वर्षांनंतर पुन्हा ३-२, पुन्हा समोर एक इटालियन. आकड्यांच्या अशा जुळण्यांतून काही सिद्ध होत नाही, पण त्या लक्षात राहतात.

पुढचा हंगाम गोव्यासाठी अधिकच कडवट ठरला. २०१६ मध्ये एफसी गोवा तळाला राहिला आणि झिको निघून गेला. त्याच वर्षी डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली. ज्यांनी सलग सहा विजेतेपदांपैकी चार मिळवली होती, ते दोन संघ राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. २०१५चा पराभव आजही सलतो याचे एक कारण इथे असावे. चाहत्याच्या हातून जुने संघ सुटले होते आणि नव्या संघाने चषक दिला नव्हता.

१७ मार्च २०१९ रोजी दुसरी संधी आली. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर बंगळुरूविरुद्ध अंतिम सामना, अतिरिक्त वेळेतील ११७वे मिनिट, कॉर्नर किक आणि मुंबईकर राहुल भेकेचा हेडर. गोवा ०-१. पुढे त्याच वर्षी सुपर कप आला, २०२० मध्ये लीग शील्ड, २०२१ मध्ये ड्युरँड कप. सुपर कपचा अंतिम सामना तर चेन्नईयिनलाच २-१ ने हरवून जिंकला. तरीही फातोर्ड्याच्या रात्रीची भरपाई त्याने झाली असे म्हणणारा चाहता विरळाच.

कट्टीमणी दरम्यान हैदराबाद एफसीत गेला होता. कोरोनाकाळात लीगचे दोन हंगाम पूर्णपणे गोव्यातच, प्रेक्षकांविना खेळवले गेले. २० मार्च २०२२ रोजीच्या अंतिम सामन्याला दारे उघडली, आणि मैदान होते फातोर्डा. हैदराबादसमोर केरळ ब्लास्टर्स. केरळहून आलेल्या चाहत्यांनी स्टेडियम पिवळे करून टाकले. राहुल के. पी.ने केरळला पुढे नेले. ८८व्या मिनिटाला गोव्याच्याच साहिल ताव्होराने हैदराबादसाठी बरोबरी साधली. अतिरिक्त वेळेतही १-१. मग शूटआउट.

कट्टीमणीने लेस्कोविच, निशू कुमार आणि जीक्सन सिंग यांचे तीन फटके अडवले. हैदराबाद ३-१ ने विजेता. सहा वर्षे आणि तीन महिन्यांनी त्याच मैदानावर तोच गोलरक्षक चषक उंचावत होता, फक्त अंगातला सदरा गोव्याचा नव्हता. केरळच्या चाहत्यांसाठी तो २०१४ आणि २०१६ नंतर अंतिम सामन्यातील तिसरा पराभव होता. शेकडो किलोमीटरचा परतीचा प्रवास त्यांच्यापुढे होता, आणि बोलायला तीन हुकलेल्या पेनल्टी.

गोव्याच्या चाहत्याला त्या रात्री नेमके काय वाटले असेल? आपला माणूस जिंकला, पण आपण नव्हे. ‘आपण’ आणि ‘तो’ यांच्यातील सीमा इतकी धूसर क्वचितच झाली असेल.

२४ एप्रिल २०२४, पुन्हा फातोर्डा. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात ९०व्या मिनिटापर्यंत गोवा मुंबई सिटीविरुद्ध २-० ने पुढे होता. त्यानंतर छांगटे, विक्रम प्रताप आणि पुन्हा छांगटे यांनी सहा-सात मिनिटांत तीन गोल केले. सामना मुंबईने ३-२ ने जिंकला.