आकडी, चप्पल आणि मेंदूतली अळी

आपल्या सातारा-सांगलीकडं पोराला फिट आली की आजही कुणीतरी आधी चप्पल शोधतं. नाहीतर कांदा. दोन-तीनदा आली की देवऋषी. पण त्या आकडीमागं कित्येकदा पट्टकृमीची मेंदूत जाऊन बसलेली अळी असते. ती ओळखायला डॉक्टरांनाही बराच काळ लागला.

हिंदुस्थानात नोकरी करून परत गेलेल्या ब्रिटिश सैनिकांना फिट येऊ लागल्या, तेव्हा १९३० च्या दशकात मॅकआर्थर या लष्करी डॉक्टरांनी या अळीकडं बोट दाखवलं. १९६१ मध्ये अशा ४५० रुग्णांचा अभ्यास तिकडं छापून आला. गोऱ्या सैनिकाची नोंद झाली. आपल्या पोरांची कोण ठेवणार?

पुढं आपल्याकडं सीटी स्कॅन आलं. फिट येणाऱ्या पोरांच्या मेंदूत छोटी, गोल गाठ दिसू लागली. टीबीचा देश, म्हणून गाठही टीबीचीच धरली. महिनोन्‌महिने टीबीची औषधं चालायची. गाठ जायची आणि सगळे म्हणायचे, औषध लागू पडलं! वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या मॅथ्यू चंडी, वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. बहुतेक ठिकाणी निघाली अळी. त्यातल्या बऱ्याच गाठी आपोआपही विरतात, हेही कळलं. हे काम १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

त्याच १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. माणूस साताऱ्याचा, डॉक्टरकी शिकला मिरजेत. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, चप्पल भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं हे आता गुन्हे आहेत.

उपचार काय? फिट थांबवणारी गोळी हा पाया. ती डॉक्टर सांगेपर्यंत बंद करायची नाही. जिवंत अळीसाठी अल्बेंडाझोल देतात, सोबत सूज उतरवायला स्टिरॉइड. कारण अळी मरताना मेंदूला सूज येते. गाठ चुनखडीसारखी झाली असेल तर अळीचं औषध लागत नाही. गाठी खूप आणि सूज मोठी असेल तर तेच औषध घातक ठरू शकतं. म्हणून मेडिकलमधून परस्पर जंताची गोळी आणून हा इलाज करू नका.

"आम्ही माळकरी, आम्हाला कसं होईल?" होतं. नीट न शिजलेलं डुकराचं मटण खाल्लं तर पोटात पट्टकृमी होतो. मेंदूत अळी होते ती मात्र अशा माणसाच्या विष्ठेतली अंडी पोटात गेल्यानं. न धुतलेली कोथिंबीर, मेथी, गाजर, दूषित पाणी, हात न धुता वाढलेलं ताट, एवढं पुरतं. तेव्हा डुकरं पाळणाऱ्यांना शिव्या देऊन काही होत नाही. तासगावच्या अंजनीचे आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. ते गावच्या शोभेपुरतं नव्हतं, पोरांच्या मेंदूशी त्याचा असा थेट संबंध आहे.

पोराला फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल लांब ठेवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना गाठा. आणि थांबली तरी पहिल्या फिटनंतर डॉक्टरांना दाखवाच. पोरीला फिट येते म्हणून लपवू नका, तिची शाळा सोडवू नका. हा आजार बहुतेकदा बरा होतो.

पोस्ट गावच्या ग्रुपवर टाका.