हरवलेला नॉब घरीच बनवा : सिलिकॉन मोल्ड आणि रेझिन कास्टिंगची संपूर्ण माहिती

जुन्या ॲम्प्लिफायरचा एक नॉब हरवला की सुटा पार्ट सहसा मिळत नाही, आणि मिळालाच तर रंग आणि माप जुळत नाही. पण त्याच ॲम्प्लिफायरवरचे बास किंवा ट्रेबलचे तसेच नॉब शाबूत असतील, तर त्यातल्या एकाची हुबेहूब कॉपी घरी बनवता येते. त्यासाठी थ्रीडी प्रिंटर लागत नाही. लागतं ते सिलिकॉन, रेझिन आणि नीट मोजमाप. बहुतेकांचं कास्टिंग ओतताना बिघडत नाही, ते मोजतानाच बिघडलेलं असतं. चला तर, सगळं क्रमाने बघूया.

मोल्ड आणि कास्टिंग म्हणजे काय?

मूळ वस्तूभोवती पातळ सिलिकॉन ओतायचं. ते रबरासारखं घट्ट झालं की वस्तू बाहेर काढायची. आत जी पोकळी उरते तो मोल्ड, म्हणजेच साचा. या पोकळीत रेझिन ओतून कडक होऊ दिलं की तयार होणारी वस्तू म्हणजे कास्टिंग. सिलिकॉन लवचिक असल्यामुळे वस्तू सहज सुटते आणि एकाच साच्यातून अनेक कॉपी निघतात.

सिलिकॉन कोणतं घ्यायचं?

- टिन क्युअर : स्वस्त असतं आणि कशाच्याही संपर्कात सहसा बिघडत नाही. मात्र काळानुसार थोडं आकसतं.
- प्लॅटिनम क्युअर : जवळपास आकसत नाही, त्यामुळे माप अचूक येतं. पण गंधक असलेली क्ले, लॅटेक्सचे हातमोजे किंवा टिन सिलिकॉनचा अंश लागला तर तो भाग चिकटच राहतो, घट्ट होत नाही.

नॉब शाफ्टवर फिट बसायला हवा, म्हणून प्लॅटिनम क्युअर चांगलं. आधी मूळ नॉबच्या एका कोपऱ्यावर दोन थेंब लावून ते घट्ट होतं का बघा.

मोजमाप कसं करायचं?

समजा नॉबचा व्यास २५ मिमी आणि उंची १८ मिमी आहे. चारही बाजूंना आणि वर साधारण १ सेंमी जागा सोडली तर ४.५ × ४.५ × ३ सेंमीचा बॉक्स लागेल. त्याचं आकारमान सुमारे ६० मिली. नॉबचे ८ मिली वजा केले की ५२ मिली उरतात. सिलिकॉन पाण्यापेक्षा किंचित जड असतं, त्यामुळे ६० ते ६५ ग्रॅम लागेल. कपाला चिकटणारं धरून ७० ग्रॅम घ्या.

खरी गंमत रेझिनमध्ये आहे. ८ मिलीच्या नॉबला जेमतेम ९ ग्रॅम रेझिन लागतं. वजनाचं प्रमाण २:१ असेल तर ६ ग्रॅम रेझिन आणि ३ ग्रॅम हार्डनर. इथे काट्याने अर्ध्या ग्रॅमची चूक केली तर हार्डनर १६ टक्क्यांहून जास्त चुकलं! म्हणून ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा वापरा आणि एकदम १५ ग्रॅम मिश्रण करा. उरलं तर उरू दे. डब्यावर दिलेलं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं, हेही नीट वाचा. दोन्ही एकच नसतं.

साचा बनवायच्या स्टेप्स

१. प्लास्टिक फाईलचे तुकडे ग्लू गनने जोडून बॉक्स करा. कुठेही फट नको.
२. नॉब स्वच्छ पुसा. त्याचा समोरचा चेहरा डबल टेपने तळाला चिकटवा, म्हणजे शाफ्टचं भोक वर येईल.
३. सिलिकॉनचे दोन्ही भाग मोजून, कपाचे काठ आणि तळ खरवडत मिसळा.
४. बॉक्सच्या एका कोपऱ्यात उंचावरून बारीक धार सोडा. धार ताणली गेली की बरेच बुडबुडे फुटतात. भोकातली हवा टूथपिकने काढा.
५. लेबलवर दिलेला वेळ थांबा, मग बॉक्स सोडवून नॉब बाहेर काढा.

भोकाच्या जागी सिलिकॉनचा छोटा खांब उभा दिसेल. शाफ्टचं भोक यानेच तयार होणार, तो मोडू देऊ नका.

रेझिन ओतताना

नवशिक्यांसाठी इपॉक्सी बरं. ते हळू घट्ट होतं, त्यामुळे बुडबुडे वर यायला वेळ मिळतो. पॉलियुरेथेन काही मिनिटांतच घट्ट होतं, पण त्याला ओलावा चालत नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्यात फेस येऊ शकतो.

रेझिन काठोकाठ, किंचित फुगीर भरा. इपॉक्सी साधारण २४ तासांनी बाहेर काढता येतं, पूर्ण कडक व्हायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. वर आलेला चेहरा ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून घासा. ओलं घासल्याने धूळ उडत नाही.

या गोष्टी टाळा

- उघड्या हाताने रेझिन हाताळू नका. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा झाली की सहसा कायमची राहते. नायट्राइल हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.
- कपात एकदम खूप इपॉक्सी मिसळून ठेवू नका. ते स्वतःच तापतं, कधी धूरही निघतो.
- किचनमधला प्रेशर कुकर कास्टिंगसाठी वापरू नका. वापरलेली भांडी परत किचनमध्ये नेऊ नका.
- उरलेलं रेझिन बेसिनमध्ये ओतू नका. कडक होऊ द्या, मग कचऱ्यात टाका.

कुठे वापरायचं नाही?

घरगुती इपॉक्सी बऱ्याचदा ५० ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं. उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड, गॅसचा नॉब किंवा इस्त्री यांच्यासाठी ते नाही. विजेच्या बोर्डाची कव्हरं, ब्रेकचे पार्ट, हेल्मेटची क्लिप, लहान मुलं तोंडात घालतील अशी खेळणी हेही नको. दिसायला पार्ट अगदी कंपनीसारखा येतो, पण ताकद आणि सुरक्षितता दिसण्यावरून कळत नाही. नॉब, बटण, कीबोर्डची कॅप, ड्रॉवरची मूठ अशा कामांसाठी मात्र हा उपाय मस्त आहे. आणि साचा जपून ठेवला तर पुढचा नॉब हरवला तरी टेन्शन नाही!